गॅरेजमधला पहिला ग्लास

घरी बीअर करायची असं मी ठरवलं तेव्हा मला बीअरची विशेष आवड नव्हती. आवड होती ती सामान निवडण्याची. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते वाचून कुणाला वाटेल की मी फार रंगेल वगैरे माणूस असेन. मी एक ग्लास घेतो आणि दुसऱ्याला मला झोप येते. पण एखादी वस्तू घ्यायच्या आधी तिच्या वीस प्रकारांचा तक्ता करणं, रकान्यांना रंग देणं, रात्री ठरवलेलं सकाळी मोडणं यात माझे महिने जातात. बायको चारचौघांत सांगते की आमचं लग्न ठरायला तीन आठवडे लागले आणि व्हॅक्युम क्लीनर ठरायला पाच. मी हसतो. मी बहुतेक वेळा हसतोच. नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींत माझी ख्याती कमी बोलणारा, पोटात ठेवणारा माणूस अशी आहे. सांगण्यासारखं फारसं काही नसलेल्या माणसाला एवढी ख्याती पुष्कळ झाली.

मुलगी युनिव्हर्सिटीला गेली आणि तिच्या सायकली, तंबू, ट्रॅम्पोलीन असं सगळं विकून झाल्यावर आमचं गॅरेज रिकामं झालं. इकडे गॅरेजमध्ये गाडी सोडून काहीही ठेवायची पद्धत आहे, तेव्हा रिकामं गॅरेज बघवेना. त्यातच ऑफिसमधला एक इंग्रज सहकारी म्हणाला की तुमच्या भागातलं जड पाणी बिटर जातीच्या बीअरला फार चांगलं. त्या पाण्याने किटलीत चार दिवसांत पांढरा थर चढतो आणि गेली वीस वर्षं बायको त्याला नावं ठेवत आली आहे. त्याचा जगात कुणाला उपयोग होतो हे ऐकून मला एकदम कर्तव्याची जाणीव झाली.

कृती सोपी आहे. मोड आणून वाळवलेले, भरडलेले सातू, म्हणजे मॉल्ट, गरम पाण्यात तासभर भिजवायचे. ते गोड पाणी हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, पटकन थंड करायचं, यीस्ट घालून दोन आठवडे झाकून ठेवायचं. इडलीचं पीठ थंडीत बॉयलरच्या उबदार कपाटात ठेवून आंबवणाऱ्या घराला यात नवीन काही नाही. पण इडलीला दोन पातेली पुरतात. इथे उकळायचं भांडं, थंड करायची तांब्याची गुंडाळी, आंबवायची टाकी, त्या टाकीतली हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही असं झाकण, गोडवा मोजायची काचेची नळी, आणि हे सगळं निर्जंतुक करायचं द्रावण. प्रत्येकाचे दहा प्रकार. मी सुखात होतो.

उकळायच्या भांड्यालाच सहा आठवडे गेले. साधं मोठं पातेलं गॅसवर ठेवायचं की विजेवरचं, आतच मॉल्टची जाळी आणि पंप असलेलं एकत्र यंत्र घ्यायचं? मी यंत्र घेतलं. ते घरी आलं तेव्हा बायको म्हणाली, अरे हा तर बंब. खरंच, पस्तीस लिटरचा, स्टीलचा, खाली नळ असलेला बंबच होता तो. आंबवायची टाकी प्लॅस्टिकची घ्यावी की स्टीलची यावर आणखी तीन आठवडे. प्लॅस्टिकला बारीक ओरखडे पडतात, त्यात जंतू बसतात, हे वाचल्यावर मी स्टीलकडे झुकलो. आपल्याकडे लोणच्याची बरणी निवडताना आईने एवढंच सांगितलं असतं, आणि चार वाक्यांत.

शेवटचा प्रश्न होता बाटल्या की केग. चाळीस बाटल्या प्रत्येक वेळी धुवायच्या, त्यापेक्षा एकोणीस लिटरचं स्टीलचं पिंप, त्याला गॅसचं सिलिंडर आणि जुन्या फ्रिजच्या दाराला बसवलेला नळ. तक्त्यात केग जिंकला. अडचण एवढीच की मला गॅसची भीती वाटते. सिलिंडर बदलायच्या दिवशी आमच्या आजूबाजूच्या सगळ्या घरांची दारं-खिडक्या उघडलेल्या असत, अशा चाळीत मी वाढलो. हा कार्बन डायऑक्साइड आहे, पेटत नाही, हे मला समजत होतं. पण रेग्युलेटरचं तोंड फिरवायला हात होत नव्हता.

गॅस म्हटल्यावर मला एकच माणूस आठवला.

तो भूलतज्ज्ञ. आमच्याहून दहा मिनिटांवर राहतो. आम्ही दोघं वीस वर्षांपूर्वी एकाच हिवाळ्यात नॉटिंगहॅमला आलो, तो हॉस्पिटलमध्ये, मी सॉफ्टवेअरमध्ये. नळ्या, व्हॉल्व्ह, प्रेशर यांत त्याचं आयुष्य गेलं. मी बोलत नाही आणि तो बोलायचा थांबत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. त्या वेळी ती मी स्वतःलासुद्धा नीट सांगितली नव्हती. त्याने दारू सोडली होती, आणि हे मला माहीत होतं.

कसं माहीत होतं, तेही सांगतो. त्याच्या दोन वर्षं आधी तो सहा आठवडे पुण्याला गेला होता, आईचं आजारपण म्हणून. आई ठणठणीत होती. तो गेला होता दारू सोडवणाऱ्या एका केंद्रात, आणि तेही पुण्याला नाही, इथेच. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, हे माझ्या बायकोला सांगितलं आणि कुणाला सांगू नकोस म्हणून सांगितलं. मंडळाच्या गणपतीहून परत येताना बायकोने गाडीत मला सांगितलं, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली. मी कुणाला सांगितलं नाही. मी तेवढ्याचसाठी प्रसिद्ध आहे.

पण त्यामुळे एक पेच झाला. मला माहीत नाही असंच मला वागायला हवं होतं. तो पार्टीत ग्लास नाकारताना म्हणायचा, गोळ्या चालू आहेत. दोन वर्षं अँटिबायोटिकचा कोर्स घेणारा तो जगातला बहुधा एकमेव डॉक्टर. लोक चेष्टा करायचे, अरे कसल्या गोळ्या, काविळीच्या का कुत्रं चावल्याच्या? तोही हसायचा. मीही हसायचो. आणि मी हसलो नाही तर त्याला कळेल की मला माहीत आहे, म्हणून सगळ्यांच्या बरोबरीने "एक घे रे, काय होतंय" असंही म्हणायचो. माहीत असल्याचं लपवायला मला दुसरा उपाय सुचला नव्हता.

तर मी त्याला फोन करून म्हणालो की गॅसचं थोडं काम आहे.

"बॉयलर असेल तर प्लंबर बोलव," तो म्हणाला. "मी फक्त माणसं बंद करतो. तीही तात्पुरती."

बीअरचा शब्द मी फोनवर काढला नाही. विसरलो नव्हतो. आला की दिसेलच, असं मनात म्हटलं. रविवारी सकाळी तो गॅरेजच्या दारात आला. त्याला बंब दिसला, टाकी दिसली, केग दिसला. तो थोडा वेळ दारातच उभा राहिला, कोटाच्या खिशात हात घालून. मला तो वेळ चांगला आठवतो. मी त्या वेळेत एक वाक्य बोलू शकलो असतो. कुठलंही. राहू दे म्हणता आलं असतं, चहा घेऊ म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "फ्रिज जुना आहे, पण चांगला चालतो."

त्याने कोट काढून खिळ्याला लावला.

त्यानंतरचे पाच-सहा रविवार माझ्या इथल्या आयुष्यातले फार चांगले रविवार होते. हे लिहायला लाज वाटते, पण होते. त्याने आधी माझं एक्स्टेन्शन बोर्ड काढून फेकून दिलं. तीन किलोवॉटचा बंब यावर लावणार होतास, आणि स्वतःला इंजिनिअर म्हणवतोस, असं बरंच ऐकवलं, आणि बंबासाठी भिंतीतला सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायला लावला. फ्रिजच्या दाराला भोक पाडायच्या आधी आतून थंडाव्याच्या नळ्या कुठे जातात ते हाताने चाचपून पाहिलं, खडूने खूण केली, आणि मग ड्रिल लावलं. मी टॉर्च धरून होतो. त्याच्या हातांना घाई नव्हती. रेग्युलेटर बसवताना तो माझ्याशी बोलायचाही थांबला. जोड घट्ट झाले की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावून बुडबुडा येतो का ते बघायचं, हे त्याने मला शिकवलं. नळाकडे जाणारी नळी आखूड असली की सगळा फेसच येतो, म्हणून त्याने दोन मीटरची नळी कापून फ्रिजमध्ये नीट वेटोळं करून बांधली. भूल देण्याच्या मशिनला मी एवढी साधी नळी दिली असती तर नोकरी गेली असती, असं म्हणाला. मग विचारलं, चहा मिळेल का या घरात?

घरी त्याने सांगितलं होतं की मी एक जुना फ्रिज दुरुस्त करतोय आणि मला मदत लागते. हे मला पुढे कळलं.

पहिली बीअर उकळली त्या दिवशी गॅरेजभर गरम मॉल्टचा वास होता, भाजलेल्या रव्यासारखा. गोडवा मोजायला काढलेला नमुना मी चाखला आणि त्याच्यापुढे धरला. यीस्ट घातलेलंच नव्हतं, ते नुसतं गोड पाणी होतं. तरी तो म्हणाला, गोळ्या चालू आहेत. मी मान हलवली. यातून मला काही कळायला हवं होतं, तर ते इतकंच की त्याला कुठे थांबायचं ते नेमकं माहीत होतं. माझ्यावर ते थांबणं टिकवण्याचं काम होतं. मी वहीत लिहिलं: गोडवा ठीक, रंग छान.

दोन आठवडे टाकीत, एक आठवडा केगमध्ये गॅसच्या दाबाखाली. एप्रिलातल्या एका रविवारी दुपारी नळ उघडायचा ठरला. बायको योगाच्या क्लासला गेली होती. मी दोन ग्लास आणले.

आता माझा त्या क्षणाचा हिशोब सांगतो, जसा होता तसा. आपल्यात ज्याने राबून काम केलं त्याला पहिलं वाढतात. घर बांधणाऱ्या गवंड्याला वास्तुशांतीला पहिल्या पंगतीत बसवतात. सहा रविवार गॅरेजच्या गार फरशीवर गुडघे टेकून बसलेल्या माणसासमोर मी एकट्याने ग्लास भरायचा? आणि मी त्याला विचारलंच नाही, तर त्याला कळणार की मला माहीत आहे. मग त्याची लाज, मग वहिनींचं माझ्या बायकोला विचारणं, मग बायकोचं मला. त्यापेक्षा विचारावं. तो नको म्हणेल. गोळ्यांचं सांगेल. मी एकदा आग्रह करीन, तो पुन्हा नको म्हणेल, आणि दोघांचीही अब्रू राहील. इतका नाजूक विचार मी केला होता. त्याचं भलं बघून केला होता.

मी ग्लास भरला. फेस दोन बोटं आला, त्याने सांगितला होता तेवढाच.

"घे," मी म्हणालो.

"नको रे. गोळ्या चालू आहेत."

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

"दोन घोट घे. आमटीतलं मीठ बघतो तसं," मी म्हणालो. "केलीस तू, आणि चव मी एकट्याने बघायची?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. नंतर ग्लासाकडे. मग पुन्हा माझ्याकडे, जरा जास्त वेळ. मी हसतमुख होतो. पाहुणचारात मी कमी पडत नाही.

"फेस बरोबर आलाय," तो म्हणाला, आणि ग्लास घेतला.

त्याने दोन घोट घेतले नाहीत. सगळा ग्लास संपवला, घाई न करता. मग तो स्वतःच विसळून उपडा ठेवला आणि म्हणाला, कडवटपणा थोडा वाढव पुढच्या वेळी. मी वहीत लिहिलं. त्या वहीत ते अजून आहे, त्याच्या शेजारी मी काढलेली बरोबरची खूण पण आहे.

पुढच्या रविवारी तो आला. मग बुधवारीही आला, ड्यूटीवरून जाता जाता. माझ्या बीअरचं कौतुक करणारा एक तरी माणूस आहे म्हणून मी खूष. मे महिन्यात आम्ही मुलीकडे चार दिवस गेलो तेव्हा मी त्याला गॅरेजची किल्ली दिली. रेग्युलेटरवर लक्ष ठेव म्हणालो. परत आलो तर केग एका हाताने उचलता येत होता.

मला वाटलं, गळती.

मी साबणाचं पाणी केलं आणि एकेका जोडावर ब्रशने लावत बसलो. बुडबुडा कुठे नाही. फरशी कोरडी. दहा-बारा लिटर बीअर गळली असती तर गॅरेज महिनाभर वास मारत राहिलं असतं, हे मला समजायला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती. तरी मी त्याला फोन केला. तो आला, माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला, आणि आम्ही दोघांनी मिळून पुन्हा सगळे जोड तपासले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, सापडला, हा वॉशर. चांगला वॉशर काढून त्याने दुसरा बसवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी वहीत लिहिलं: वॉशर बदलला. त्या वेळी मला कळलं होतं. कळल्यावर मी दुसऱ्या केगसाठी मॉल्ट मागवलं, कारण मागवलं नसतं तर त्याला संशय आला असता.

जूनमध्ये एका सकाळी वहिनींचा माझ्या बायकोला फोन आला. त्याला हॉस्पिटलमधून घरी पाठवलं होतं. सकाळची ऑपरेशनं सुरू व्हायच्या आधी एका नर्सला त्याच्या तोंडाचा वास आला आणि तिने, जे करायला हवं ते, केलं. कुणा पेशंटला काही झालं नाही. झालं असतं तर मी हे लिहू शकलो नसतो. मंडळाला सांगितलं गेलं की त्याला स्लिप डिस्क आहे. लोकांनी डबे पाठवले, शेकायच्या पिशव्या पाठवल्या, कुणी एक तेल पाठवलं.

आम्ही भेटायला गेलो. तो सोफ्यावर ताठ बसला होता. पाठ दुखत नसलेल्या माणसासारखा. वहिनी माझ्या बायकोला हळू आवाजात सांगत होत्या की एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या पार्टीत कुणीतरी हातात ग्लास दिला आणि तिथून सुरू झालं. त्या कुणीतरीला त्यांनी बरंच काही म्हटलं. तो माझ्याकडे बघत होता. मी चहा पीत होतो. चहात साखर जास्त झाली होती, तेही मी बोललो नाही.

तीन महिने मी हे पोटात ठेवलं. फ्रिजचं बटण बंद केलं. बायकोने विचारलं तर म्हणालो, उन्हाळ्यात बीअर नीट आंबत नाही. आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे डबा पोचवायला जायचो आणि दारातूनच परत यायचो. मी काय विचार करत होतो असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं, की तो बरा होतोय, मग सांगायची गरज काय? आणि तो बरा होत नसेल, तर सांगून उपयोग काय? दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होतं आणि ते माझ्या सोयीचं होतं.

सप्टेंबरात त्याने फिरायला येतोस का विचारलं. ट्रेंट नदीच्या काठाने आम्ही चालत होतो. तो सांगत होता की उपचार करणारी डॉक्टर चांगली आहे, की ऑक्टोबरमध्ये त्याचा रिव्ह्यू आहे, त्यात सगळा वृत्तांत खरा द्यावा लागतो, कधी सुरू झालं, कुठे, कुणाबरोबर, आणि त्यावर ठरेल त्याला पुन्हा काम द्यायचं की नाही. तिथे खोटं पकडलं गेलं तर पिण्यापेक्षा ते वाईट. पार्टीची गोष्ट तो त्या डॉक्टरलाही सांगून बसला होता.

मी थांबलो. "मला माहीत होतं," म्हणालो. "तू सोडली होतीस ते. दोन वर्षं माहीत होतं. फ्रिजला हात लावायच्या आधीपासून."

तो नदीकडे बघत राहिला. दोन मुली होडी वल्हवत गेल्या.

"मला वाटायचंच," तो म्हणाला. "म्हणून तर यायचो. म्हटलं, याला माहीत आहे आणि हा काही बोलत नाही. सगळ्या गावात एक जागा आहे, जिथे मी बीअरच्या टाकीला टेकून उभा राहीन आणि कुणी घे म्हणणार नाही."

मी काही बोललो नाही. ते मला जमतं.

"आणि तू घे म्हणालास. मी तुझ्याकडे बघत होतो, आठवतं? तुझा चेहरा असा साधा होता. मला वाटलं, छे, याला माहीतच नाही. याच्या लेखी मी अजून चारचौघांसारखा माणूस आहे. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू. त्या बरं वाटण्यात घेतली."

मी आयुष्यात एवढंच एक नाटक केलं, आणि ते बघणाऱ्याला इतकं पटलं.

मी विचारलं, पार्टीचं खोटं कशासाठी? तो म्हणाला, तुझं नाव घेतलं असतं तर हिने तुझ्या बायकोशी बोलणं टाकलं असतं, आणि हिला इथे दुसरं आहे कोण? मग म्हणाला, आता रिव्ह्यूआधी खरं सांगावं लागणार. डॉक्टरला मी सांगेन. घरी मी सांगू की तू?

मी सांगतो म्हणालो. सांगायला आणखी नऊ दिवस लावले.

वहिनी स्वयंपाकघरात टेबलाशी मेथी निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी हात थांबवले नाहीत. कुठला रविवार, विचारलं. किती ग्लास. किल्ली कुणी दिली. केग रिकामा झाला तेव्हा काय वाटलं. पेशंटची माहिती विचारतात तशा सुरात, एकामागून एक. मी उत्तरं दिली. शेवटचं उत्तर दिल्यावर म्हणालो, तुम्ही माझ्या बायकोला कुणाला सांगू नकोस म्हणाला होतात, मला वाटलं की मला माहीत आहे असं कळलं तर...

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तिला सांगितलं म्हणजे तुम्हाला कळणार, एवढं मला वीस वर्षांत कळलं नसेल? तुम्हाला कळावं म्हणूनच सांगितलं होतं. म्हटलं, एक माणूस तरी सांभाळून घेईल."

त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. डॉक्टरांना द्यायला लिहून द्या, म्हणाल्या. इंग्रजीत, सही करून. तुमच्या तोंडचं असलं तर पार्टीच्या गोष्टीचं खोटं त्याच्या एकट्याच्या अंगावर येणार नाही.

मी तिथेच बसून लिहिलं. इंग्रजीत ते एका पानात बसलं. मला माहीत होतं, मी बीअर केली, मी त्याला ऑफर केली, मी किल्ली दिली. मराठीत हेच लिहायला मला इतकी पानं लागली, कारण मराठीत मला सबबी जास्त येतात. वहिनींनी पान वाचलं आणि परत दिलं. "ऑफर केली म्हणजे नुसतं विचारलंत," त्या म्हणाल्या. "तो नको म्हणाला होता ना? मग आग्रह केलात ते लिहा." इंग्रजीत आग्रहाला चांगला शब्द नाही. जो आहे तो गुन्ह्याच्या कबुलीत शोभेल असा आहे. तो लिहिला आणि सही केली. बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

रिव्ह्यू झाला. त्या पानाचा किती उपयोग झाला मला माहीत नाही. त्याला पुन्हा काम मिळालं, पण ऑपरेशन थिएटरमध्ये नाही. ऑपरेशनच्या आधी पेशंटना तपासतात त्या क्लिनिकमध्ये, दर पंधरा दिवसांनी स्वतःचं रक्त तपासून घ्यायच्या अटीवर. थिएटरचं पुढे बघू म्हणाले आहेत. वहिनी माझ्या बायकोशी बोलतात. माझ्याशी बोलतात त्या दारात, डबा परत देण्यापुरतं.

तो आमच्याकडे येत नाही. आम्ही दोघं कधी कधी नदीकाठी फिरतो. कसा आहेस विचारलं की तो म्हणतो, बरा आहे. पूर्वी एवढ्यावर माझं समाधान व्हायचं. आता मी विचारतो, बरा म्हणजे? काल घ्यावीशी वाटली? त्याला हे विचारलेलं आवडत नाही, कपाळाला आठी पडते, दहा-वीस पावलं तो काही बोलत नाही. मग सांगतो. काल वाटली होती, परवा नाही. मी ऐकतो, आणि पुढचं विचारतो.